दारूच्या नावावर

डेन्वर स्टंबोला एका जागी बसता येत नाही, हे आमच्या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. कोळशाची खाण बंद पडली तेव्हा बाकीचे वर्षभर ओसरीवर बसून राहिले. हा तिसऱ्या दिवशी गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायला लागला. चर्चमध्येही हा मागच्या बाकावर, दाराशी. प्रवचन लांबलं की याचा पाय हलायला लागतो आणि अख्खं बाक थरथरतं. सत्तावन्न वर्षांचा झाला, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही.

त्या मंगळवारी सकाळी मिस ऑर्लीनच्या कचेरीबाहेर तो पाचव्यांदा खुर्चीतून उठला. कोर्टाने पाठवलेली माणसं मिस ऑर्लीन तपासते. कोण किती पितो, किती चिडतो, हे बघून न्यायाधीशांना लिहून कळवते, आणि न्यायाधीश बहुतेक वेळा तिचंच धरतात. तिने 'दारू सोडवायच्या केंद्रात अठ्ठावीस दिवस' असं लिहिलं, की डेन्वरची आठ वर्षांची नात रेनी परक्या घरी जाणार होती. बालकल्याण खात्याच्या बाईने तसं तोंडावर सांगितलं होतं. रेनीची आई, म्हणजे डेन्वरची मुलगी, नशेच्या गोळ्यांच्या नादाने ओहायोत कुठेतरी हरवलेली. पोरीला या आजोबाशिवाय, तिच्या पापॉशिवाय, कोणी नव्हतं.

आणि गंमत बघा, डेन्वरने चौदा वर्षांत दारूला हात लावला नव्हता.

झालं होतं असं. ऑगस्टमध्ये शेजारचा व्हर्जिल रॅटलिफ आपलं यंत्र न्यायला आला. यंत्र पिकअपमध्ये चढवून गाडीत बसला आणि हसत म्हणाला, "काय रे, तुझी पोरगी हल्ली कुणाच्या गाडीत झोपते?" डेन्वरने त्याच्या गाडीच्या सगळ्या काचा फोडल्या. रेनी पायऱ्यांवर बसून बघत होती. पोलीस आला तेव्हा डेन्वर म्हणून गेला, "जरा जास्त झाली होती."

आमच्याकडे ही जुनी सोय आहे. पिऊन केलं तर ते बाटलीने केलं. रविवारी चर्चमध्ये चार आसवं गाळली की लोक पाठीवर थाप मारतात. शुद्धीत केलं तर तो माणूस दुष्ट, आणि तो डाग मरेपर्यंत जात नाही. म्हणून डेन्वरने कोर्टातही तेच सांगितलं, घरी नातीलाही तेच सांगितलं. न्यायाधीशांनी दारू आणि राग दोन्ही तपासायला लावलं. मूर्ख माणूस! नसलेलं लोढणं स्वतःच्या हाताने गळ्यात बांधून घेतलं.

"आठवड्याला किती पिता, मिस्टर स्टंबो?" मिस ऑर्लीनने चष्म्यावरून पाहिलं.

"एक थेंबही नाही, मॅडम."

"पोलिसाला वेगळं सांगितलंत."

"खोटं सांगितलं."

ती दमल्यासारखी हसली. "चोवीस वर्षं ऐकतेय मी हे. एकाने तर खिशातली बाटली वाजत असताना सांगितलं होतं, एक थेंबही नाही म्हणून."

"मग लघवी तपासा ना!"

"त्यात तीन-चार दिवसांचं कळतं. मला ऑगस्टचं कळायला हवंय."

डेन्वर उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. त्याच्या डोळ्यांसमोर रेनीची बॅग भरून दाराशी ठेवलेली दिसायला लागली.

"बसा की हो जरा."

"बसलो तर बोलता येणार नाही मला."

"मग उभ्याने बोला."

"मी आधी छोटा पाना उचलला," तो म्हणाला. "नवा होता. म्हटलं, काचांवर मारून पान्याचं तोंड बिघडेल. म्हणून तो परत खिळ्याला टांगला. मग खालच्या पेटीतून जुना, जड पाना काढला. व्हर्जिल गाडीत बसून बडबडतच होता. मी चालत गेलो, धावलोसुद्धा नाही. त्याच्या बाजूची काच शेवटाला ठेवली. मला त्याला घाबरताना बघायचं होतं."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःच्या तोंडून ऐकताना त्याला स्वतःचीच भीती वाटली.

मिस ऑर्लीनने पेन खाली ठेवलं. "प्यालेला माणूस हाताला येईल ते उचलतो. हत्यार निवडत बसत नाही."

"म्हणजे पटलं तुम्हाला?"

"पटलं. आणि खरं सांगू? तुम्ही प्यालेले असतात तर मला बरं वाटलं असतं."

मग तिने त्याच्यासमोरच लिहिलं. दारूसाठी काही नको. रागासाठी दर गुरुवारी वर्ग, पूर्ण वर्षभर. मुलगी घरीच राहावी, बालकल्याणच्या बाईने दर आठवड्याला येऊन बघावं. "आणि पोरीला खरं सांगा," ती म्हणाली. "आजच."

दुपारी डेन्वर शाळेसमोरच्या गाड्यांच्या रांगेत गाडी घेऊन थांबला. पोरगी घरी राहणार या आनंदात त्याची बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवत होती. रेनी चढली, दप्तर पायाशी टाकलं आणि त्याचा कॉफीचा पेला उचलून नाकाशी नेला. ऑगस्टपासून ती रोज असं करायची. दारूचा नाही, कॉफीचाच वास आला की पेला खाली ठेवायची आणि मग कुठे तिची बडबड सुरू व्हायची. डेन्वरला ते दिसत होतं. लाजेने तो रस्त्याकडे बघायचा. आज त्याने तिच्याकडे बघितलं.

"रेनी, त्या दिवशी मी प्यालो नव्हतो."

"थोडीशी?"

"अजिबात नाही. नुसता चिडलो होतो. तुला खोटं सांगितलं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. डेन्वर हलला नाही. रेनीने पुन्हा एकदा पेल्यात वाकून पाहिलं.

"मग पापॉ," ती म्हणाली, "आता मला आधी कसं कळणार?"