शेजारचं रिकामं घर

नील, ईरा — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही. आजोबांच्या फोटोसमोरसुद्धा नाही.

परवा फोनवर नील म्हणाला, आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून जागा घेतोय. नियम आपले आपण करणार. पटेल तो येईल, नाही पटलं तर जाईल. ‘आजी, तुम्ही कासुर्डीजवळ हे कधीच केलंय. तुमचे नियम पाठव ना.’ मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी विषय बदलला.

आमची वसाहत तुम्ही पाहिली आहे. गावातल्या आप्पांच्या शेतात उभी राहिलेली घरं, त्यातलंच एक आप्पांचं. पाणी आपलं, पहारा आपला, भांडण झालं तर निवाडाही आपलाच. सक्ती कुणावर नाही. नियम मी लिहिले — नीट, क्रमवार. नवं कुटुंब घ्यायचं तर सगळ्यांचा होकार हवा, हाही माझाच नियम. फडक्याने झाकलेल्या तांब्यात प्रत्येक घराने मूठ घालायची: होकाराला चिंचोका, नकाराला खडा. एक खडा निघाला की संपलं. कारण विचारायचं नाही. किती सभ्य वाटलं होतं मला ते!

मग सुनंदाताईंनी विचारलं. दौंडच्या, निवृत्त नर्स. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनीच त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं. आमच्या शेजारचं घर रिकामं होतं, ते त्यांना हवं होतं. त्या बौद्ध आहेत. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी जन्मभर सांगत आले होते — आणि ते मला खरंही वाटायचं.

तांब्या पालथा केला. चिंचोके — आणि त्यांत एक खडा.

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. विचारायची गरजच काय होती? मोठ्या आवाजाचा, गावातला जमीनवाला माणूस. दुसरं कोण असणार?

आप्पा हसले. “आरं, माझ्याकडं काय बघताय? म्या चिंचोकाच टाकलाय. आता त्याच्यावर नाव कोरून आनू व्हय?”

कुणी हसलं नाही. मीही नाही.

त्यानंतर लोक आप्पांच्या दारात थांबेनासे झाले. सभेत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. शेवटी आतलं घर बंद करून ते कुंपणाबाहेरच्या जुन्या घरात राहायला गेले — स्वतःच्याच शेताच्या बाहेर. आणि मी? मी सुनंदाताईंना फोन करून म्हणाले, ‘काय करणार, माणसं अजून मागासलेली.’

खडा माझा होता.

का टाकला? त्यांचे हात आजोबांच्या सेवेला मला चालले — पगार मी देत होते तोवर. त्याच बाई माझ्या भिंतीला भिंत लावून, माझ्याइतक्याच हक्काने राहणार, ते चाललं नाही. एवढंच. दबाव नव्हता, भीती नव्हती. सगळं अगदी स्वेच्छेने.

याला बरीच वर्षं झाली. माणसांनी आपले नियम आपण करावेत, असं मला आजही वाटतं. नील, ते तुला पाठवते. मात्र खड्याचा नियम कुणी लिहिला आणि पहिला खडा कुणी टाकला, ते वाचण्याआधी तुला माहीत असायला हवं.

काल दौंडला गेले. दारात उभी राहूनच सांगितलं. सुनंदाताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“ताई, आप्पांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी इकडं कशाला आलात?”

दार त्यांनी हळूच लावलं.

रविवारची सभा मी हॉलमध्ये ठेवलेली नाही. आप्पा आत येत नाहीत, म्हणून ती त्यांच्या अंगणात होईल. तसा निरोप घरोघर दिला आहे. तिथे कशाला, असं लोक विचारताहेत. तिथेच सांगेन, म्हटलं.

पण त्याआधी आप्पांना, एकटीने. आता धार काढून झाली असेल त्यांची. चपला घातल्या आहेत. निघते.