पट्ट्याचा हात आणि पदराची गाठ

खंडेनवमीला आमच्या घरी माझ्या बापाच्या दांडपट्ट्याची पूजा होते आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. ज्यांना तो हातात चढवता येत नाही ते त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. जिला तो चालवता येतो ती चुलीपाशी पुरण घाटत बसते. मी तोंडानं यावर कधी काही बोलले नाही. चार माणसांत उभी राहिले की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून इथं लिहिते. लिहायला शिकले तेही मुलाच्या पुस्तकांवर. तो चौथीतून शाळा सोडून शेतात गेला आणि माझंही शिक्षण तिथंच संपलं.

अकोटाजवळच्या गावात माझ्या बापाची तालीम होती. त्याला मुलगा नव्हता, मी होते. आधी त्यानं काठी दिली, मग पट्टा. पट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक असतं, आणि त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ. एकदा हात आत गेला की मनगट वळत नाही. सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून घ्यायचा. "मनगट मेलं तर पट्टा जगते," असं बाप म्हणायचा. माझं मनगट त्यानं लहानपणीच मारून टाकलं. लग्नात त्यानं तो पट्टा माझ्याबरोबर दिला. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, तो भिंतीवर टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आमच्या घरातलं जुनं हत्यार हाय." घरचे शेतात गेले की मी गोठ्यात काठी फिरवायची. बैलांनी मला पाहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

पुढं ते कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली होती आणि तिच्यामुळं आमचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. ज्यांच्या बैलांना झूल नव्हती त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. पैसा आला तशी माणसं मोठ्यानं बोलू लागली. गाड्या भरून कापूस अमरावतीला जायचा आणि वाटेत लुटालूट व्हायची, म्हणून गाड्यांबरोबर राखणदार ठेवायचे.

एकदा अंबादेवीच्या दर्शनाला म्हणून मीही गाड्यांबरोबर अमरावतीला गेले. तिथं गाडीतळावर दोन राखणदारांची जुंपली. एकाच्या हातात तेल पाजलेली काठी. दुसरा हैदराबादेकडचा, पिकल्या दाढीचा, त्याच्या हातात खांद्यावरचा रुमाल, टोकाला गाठ मारलेला. काठीचा वार आला. मी गाडीच्या तट्ट्याआडून बघत होते, आणि काठीवाल्याचा पाय पाहूनच मला कळलं की वार डोक्यावर आहे आणि चांगला आहे. म्हातारा मागं सरला नाही. तो काठीच्या आत शिरला, रुमालाची गाठ काठीवाल्याच्या कोपरावर टुण्णकन वाजली, आणि काठी धुळीत पडली. काठीवाला आपलाच हात दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला.

माझं अर्धं आयुष्य काठीत गेलं होतं आणि काय झालं ते मला दिसलं नव्हतं. त्याचाच मला राग आला.

"हे काय होतं?" मी घरधन्यांना विचारलं.

ते विचारून आले. "बिनोट म्हणतात त्याले. हत्यार नसलं तरी हत्यारवाल्याले पाडते."

माझे मालक कमी बोलणारे. त्या म्हाताऱ्याला त्यांनी आमच्या गाड्यांवर ठेवून घेतला, आणि तो आमच्या गावी येऊन गाडीखान्यात राहू लागला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. शिकायचा विचार तेव्हा माझ्या मनात नव्हता.

दिवाळीला मुलगी बाळापूरहून माहेरी आली. लहानपणीच तिचं लग्न झालं होतं आणि नांदायला ती त्या दिवाळीच्या वर्षीच गेली होती. न्हाऊ घालताना तिच्या मनगटावर मला काळे-निळे डाग दिसले.

"बांगडी रुतली," ती म्हणाली.

बांगडी अंगठा उमटवत नाही. पकड ओळखणं हे तर माझं पहिलं शिक्षण. उजव्या हाताची पकड, मागून घातलेली, अंगठा नाडीवर, ओढ आतल्या बाजूला. हात पुरुषाचा. तिनं हिसका मारला होता आणि हिसक्यानं पकड आणखी घट्ट झाली होती. विचारण्याआधी हे सगळं मी वाचलं. मग विचारलं.

"कोणी?"

तिनं मनगट पाण्यात लपवलं. मग म्हणाली, "भासऱ्यानं. कापसाच्या खोलीत."

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भासरा म्हणतात. धाकट्या दिराची थट्टा चालते. भासऱ्याची सावलीही धाकट्या भावजयीवर पडू नये अशी रीत आहे. तो अंगणात आला की ती पदर ओढून बाजूला होते, त्याच्या हातात ताट देत नाही, खाली ठेवते. बायकांनी ही रीत पिढ्यान् पिढ्या पाळली. मग कापसाच्या ढिगाआड ती रीत त्याला कशी आठवली नाही?

मी मालकांना सांगितलं, मालकांनी मामाजींना. मामाजी बाजेवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"थट्टा केली असंल. पोरगी येडी-बह्याड हाय, रडते."

"भासऱ्याची कुठं थट्टा असते, बाबा?" मालक हळूच म्हणाले.

"वेचणीचे दिवस हायेत. त्यायच्या घरी हात कमी पडून राह्यले. संक्रांत झाली का धाडून द्या. आन् बोभाटा करू नका."

दाराआड मी उभी होते. बोलायला तोंड उघडलं, नुसता वारा बाहेर आला. भिंतीवर पट्टा होता. त्या दिवशी तो उतरवून काय काय करावं असं मनात आलं ते मी इथंही लिहिणार नाही.

पण पट्टा तिच्याबरोबर कसा पाठवू? काठी कशी देऊ? सून सासरी हत्यार घेऊन जात नाही. मग मला तो रुमाल आठवला.

मालकांना मी उस्तादकडं पाठवलं. गोठ्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"उस्ताद, आमच्या घरी बिनोट शिकाची म्हणतात."

"बडे मालक? या उमर में?" उस्तादनं विचारलं.

"नाही, बाबा नाही."

"तो आप?"

"मी नाही."

"तो फिर घर में भैंस बची!"

मालक खाकरले. "घरातले. आन् पोरगी."

उस्ताद म्हणाला, "दोनों को सिखाऊंगा. पण पदरावर. रुमाल औरत के पास कोण राहू देते?"

सगळे वेचणीला गेले की गोठ्यात आम्ही शिकू लागलो. मालक दाराशी दोर वळत बसायचे. आधी मीच पुढं झाले, कारण मला येतं असं मला वाटत होतं. उस्तादनं माझं मनगट धरलं नाही, काठीचं टोक फक्त त्यावर टेकवलं आणि म्हणाला, "सोडवा." मी खांद्यातून फिरले, कमरेतून फिरले. काठी जागची हलली नाही.

"बाई, हात को ढील दो."

"ढीलच हाय," मी म्हणाले. परपुरुषाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं.

"नाही. तुमचा हात अजून लोखंडात हाय."

मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बापानं जन्मभर कमावलेली चीज, ती मी चोरून जपली, आणि हा म्हातारा तिला नुसतं लोखंड म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण संक्रांत माझ्या रागासाठी थांबणार नव्हती. पुष्कळ घासलं. पाय लवकर बसले, वार कुठून येतो तेही आधीच कळायचं. मनगट मात्र सैल पडेना. पदराची गाठ मी फिरवायला गेले की ती उलटून माझ्याच कानशिलावर बसायची. मुलगी तोंडात पदर कोंबून हसायची.

तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. पोरीला शिकवावं असं मला याआधी सुचलं नाही असं नाही, धीर झाला नाही. पण तिचं मनगट जिवंत राहिलं होतं. जात्याची खुंटी फिरवावी तसं ती अंगठ्याच्या बाजूला मनगट वळवायची, आणि पकड जिथं उघडी असते तिथून हात सुळकन बाहेर यायचा. हिसका नाही, जोर नाही. लगेच दुसऱ्या हातानं पदराचं टोक, आणि गाठ कोपराच्या आतल्या शिरेवर. उस्ताद उं करून हात झटकायचा आणि म्हणायचा, "शाब्बास, आता भाकर कोणत्या हातानं खाऊ?"

मला तिचा हेवा वाटला. आईला वाटू नये ते वाटलं. आणि हेव्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

मी तिला एकच गोष्ट माझ्या बापाची दिली. सलामी. तालमीत जोड सुरू करायच्या आधी वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा, डावा पाय पुढं. "माती आपली हाय हे समोरच्याले सांगाचं," असं बाप म्हणायचा.

संक्रांतीनंतर बाळापूरची दमणी, म्हणजे माणसं नेणारी हलकी बैलगाडी, आली. न्यायला जावई येतील असं वाटलं होतं. आला भासरा. रेशमी काठाचा फेटा, बोटात अंगठ्या, बैलांच्या शिंगांना चांदी. मामाजींनी त्याला बाजेवर बसवलं. मी आत मुलीची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी ओटीत घातली. पदराच्या टोकाला वेगळी गाठ मारली, तिच्यात हळकुंड आणि सुपाऱ्या घातल्या. सुपाऱ्या मी जमिनीवर आपटून निवडल्या. गाठ मीच मारली, तालमीतली.

"पाया पड सगळ्यायच्या," मामाजी म्हणाले.

ती सगळ्यांच्या पाया पडली. भासऱ्यापुढं आली आणि वाकली. त्यानं आशीर्वादाला हात वर केला. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलंही नाही. हात मातीला लावला, कपाळाला नेला. डावा पाय पुढं होता. अंगणातल्या सगळ्यांना तो नमस्कार वाटला. गाडीखान्याशी बैलाला पाणी पाजत असलेल्या उस्तादनं मात्र बादली खाली ठेवली.

भासरा म्हणाला, "चाल, बस गाडीत."

ती हलली नाही.

"ऐकू येत नाही काय वं? लाजून काहून राह्यली? मी काय परका हाओ?" तो हसला. आणि माझ्या सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या, सगळ्या अंगणाच्या देखत त्यानं तिचं मनगट धरलं.

पुढचं मला या वेळी नीट दिसलं. मनगट वळलं, हात निसटला, गाठ कोपरावर वाजली. त्याचा हात खाली लोंबला. तो जागीच खाली बसला आणि कोपर धरून ओरडला, "मारलं! पोट्टीनं मारलं! पदरात गोटा हाय तिच्या!"

मामाजी उठले. "काय हाय पदरात? सोड."

तिनं गाठ त्यांच्यापुढं धरली. त्यांना ती सुटेना, दातानं सोडावी लागली. तळहातावर हळकुंड आणि सुपाऱ्या पडल्या. मामाजी त्यांच्याकडं बघत राहिले.

"ही तर ओटी हाय," ते म्हणाले आणि दाराकडं वळले. मी दारातच होते.

माझी जीभ टाळूवरून सुटली. कशी ते मला माहीत नाही.

"लेक सासरी चालली, मामाजी. रिकाम्या पदरानं कशी धाडू? आन् भासऱ्यानं भावजयीचा हात धराचा, हे कोणत्या घरात असते? आत्ता तुमी पाह्यलं. आता तरी थट्टा म्हणान काय?"

मामाजींनी सुपाऱ्या माझ्या हातात आणून दिल्या, परत गाठीत बांधायला. मग भासऱ्याला म्हणाले, "तुमी गाडी घेऊन जा. न्याले जावई अन् विहीणबाई येतील तेव्हा पोरगी येईन." दमणी रिकामी गेली. उस्ताद पाण्याची बादली उचलत मला ऐकू येईल एवढंच बोलला, "मनगट अच्छा था."

वेचणी संपल्यावर जावई आईला घेऊन आले आणि मुलगी गेली. तिनं पुन्हा डाग आणले नाहीत. कापसाच्या खोलीची किल्ली विहीणबाईंनी आपल्या कमरेला लावली म्हणे.

गावात ही गोष्ट अजून सांगतात. "ओटीनं भासऱ्याले पाडलं" म्हणतात आणि पोट धरून हसतात. मामाजीही सांगायचे, जणू सुपाऱ्या त्यांनीच निवडल्या होत्या. खंडेनवमीला पट्ट्याला हळदकुंकू वाहतानाच सांगायचे. मला कधी हसू आलं नाही. कापसाच्या खोलीत पहिल्यांदा तिच्या मनगटावर बोटं उमटली तेव्हा तिच्या पदरात काहीच नव्हतं. ते कोणी सांगत नाही.