पायरीवरची काडेपेटी

दारूगोळ्याच्या डेपोत स्फोट झाला, त्या दिवशी माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्यासोबत काम केलेले एक निवृत्त हवालदार आमच्या चाकुरातच राहतात. आमच्या घरी आले की, डेपोच्या फाटकावर ठेवत तशी, खिशातली काडेपेटी बाहेर पायरीवर ठेवतात.

मी दरवेळी विचारते, "दारूगोळ्याच्या पेट्या चिकटून का रचल्या?"

"ताई, सीमेवरून मागणी आलती, जागेपेक्षा माल जास्त झालता. तिकडं पोरं रिकाम्या तोफंपाशी बसून होती."

"मग अंतराचा नियम कशाला?"

"नियम बी पाहिजेच की."

या उत्तराने माझं डोकं उठतं. वर्षश्राद्धाला फोटोपुढे दिवा लावायला काडेपेटी मागितली, तर ते ती आत आणेनात. शेवटी मीच उठून बाहेर गेले आणि ती आणली.

भाऊ नाही. हवालदार येतात, आणि काडेपेटी पायरीवर असते.