पोकळ फरशीचा भाव

मिस्त्री पंचवीस वर्षं लोकांच्या घरांत फरशी बसवत होता आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहत होता. सात घरमालक झाले. प्रत्येकाला खोली खाली करून हवी असायची, तीही नेमकी मुलांच्या परीक्षेत. बायकोचं एकच म्हणणं होतं, "मरायच्या आत एक घर असं बघा, जिथून ऊठ म्हणणारं कोणी नसेल."

शेवटी बँकेला दया आली. म्हणजे हा अजून पंधरा वर्षं हप्ते भरण्यापुरता जगेल, अशी तिची खात्री पटली. चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं जुनं घर, भाव राजवाड्याचा. एक लाख कमी पडत होते. मिस्त्रीने खाली बसून हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकली.

"ऐकलंत? सगळी पोकळ. कुठल्या गाढवाने बसवलीय?" मग दहा मिनिटं त्याने त्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विकणारा ओशाळला, लाखाने खाली आला. बायकोने कित्येक वर्षांनी नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं.

वाचलेला लाख आठवडाभर टिकला. मुद्रांक, नोंदणी, वकील, सोसायटीची फी. त्यात लिफ्टच्या दुरुस्तीचा हिस्सा, आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर जायलाच तयार नव्हती. मालक होण्याचं हे सुख भाडेकरूला आधी कोणी सांगत नाही, आणि ते बरंच आहे. फरशीसाठी दमडी उरली नाही, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मिस्त्री स्वतःच छिन्नी घेऊन बसला.

पहिली फरशी उचलली. खाली सिमेंटचा सलग माल नव्हता, नुसते पाच गोळे होते, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. मधल्या गोळ्यावर अंगठ्याचा ठसा होता, वाकडा. मिस्त्रीचा अंगठा तरुणपणी हातोडीखाली सापडून वाकडा झाला होता. त्याने तो ठशात ठेवला. चपखल बसला.

ही फरशी बसवली तेव्हा इमारतीला ना रंग होता ना दारं, चाळीस घरं एकसारखी. बिल्डर मागून ओरडला होता, "उरक रे, तुला थोडंच राहायचंय इथे?" आणि हा हसला होता. आता त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

बायको चहा घेऊन आली. "सापडला का तो गाढव?"

"सापडला," मिस्त्री अंगठा मुठीत लपवत म्हणाला. "इथेच राहतो. पंधरा वर्षं कुठे जात नाही."