मेक्सिकोत जेवलेले पितर

माझ्या मावसाजींइतका मेलेल्यांच्या उपयोगी पडलेला जिवंत माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमच्याकडे पितृपक्षात घरच्या गेलेल्या माणसाच्या नावानं एखाद्याला पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. अड्याळच्या आसपास हा मान मावसाजींचा. पाटावर बसेपर्यंत ते मावसाजी असत. पहिल्या घासानंतर कुणाचा तरी आजा होऊन जात. एका घरी त्यांनी ताकात गूळ मागितला आणि तिथली म्हातारी पदर तोंडाशी धरून आत पळाली. तिचा सासरा तसाच मागायचा. "तुम्हाले कसं समजते?" मी विचारलं. "मले काय समजते बापू? जीभ मांगते, मी मांगतो."

फक्त स्वतःच्या घरी ते पाट मांडत नसत. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याशी भांडून तणतणत निघाला आणि कारध्याजवळ वैनगंगेच्या पुरात गेला. देह सापडला नाही. त्यांना 'दादा' म्हणणारा तो एकटाच. "पाट मांडला म्हंजे तो मेला हे कबूल केलं," ते म्हणत. "अन् आलाच जेवाले, अन् रागानं ताटावरून उठला, तं?"

सन एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मावसभाऊ मेक्सिकोत एका कारखान्यात इंजिनीअर होता. त्यानं बापाला बोलावलं. मावसाजी एकटे जाईनात, म्हणून सोबत दुभाष्या मी. मी पुस्तकातून स्पॅनिश घोकली होती. पहिल्याच दिवशी बाजारात अस्खलित स्पॅनिशमध्ये सीताफळं मागितली, तर बाईनं मला दंडाला धरून बसथांब्यावर नेऊन उभं केलं. परत येतो तो मावसाजी तिच्याच टोपलीपाशी उकिडवे बसलेले. "कितीले देतं व बाई? कायले लुटून राहिली गरिबाले?" ती तिच्या भाषेत हात नाचवून भांडली आणि वर दोन सीताफळं जास्तीची दिली. पुढे राजगिऱ्याचे लाडूही निघाले. "हा तं अड्याळचाच बाजार हाय बापू," ते म्हणाले. "तू काहून घाबरून राहिला?"

नोव्हेंबर लागला, तिकडचा मेलेल्यांचा सण आला आणि गावभर झेंडू दिसू लागला. मावसभावाची घरमालकीण एकटी विधवा. तिनं एका दुपारी आम्हाला घरी बोलावलं. टेबलावर नवऱ्याचा फोटो, झेंडू, मेणबत्त्या, वाफाळतं ताट आणि समोर रिकामी खुर्ची. मेलेला येऊन जाईपर्यंत त्या ताटाला हात लावायचा नसतो, हे मला पुस्तकामुळे ठाऊक होतं. पण मावसाजींना ताट दिसलं आणि ते समजले, आपल्याला बोलावलं ते यासाठीच. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी हातही धुतले होते.

त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली. एक घास खिडकीत ठेवला. कावळा नव्हता, लांब शेपटीचा एक काळा पक्षी कुठून तरी आला आणि घास उचलून गेला. मग ते जेवू लागले. मी घोकलेलं माफीचं वाक्य म्हटलं, पण बाईचं लक्षच नव्हतं. ती पांढरी पडली होती. "तिचा नवरा दाराकडेच तोंड करून जेवायचा," मावसभाऊ माझ्या कानात कुजबुजला.

खिडकी उघडी, बाहेर वारा, पण मेणबत्त्यांच्या ज्योती जागच्या हलत नव्हत्या. बाई समोर बसून रडत रडत काहीतरी विचारू लागली. नवरा भांडून खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही. अजून रागावला आहेस का, असं ती विचारत होती. हे मावसभाऊ मला सांगतो आहे तोवर मावसाजींनी ताटाला नमस्कार केला आणि आमच्याकडे पितरानं उठताना म्हणायचं ते म्हटलं, "पोट भरलं बाई. राग नाही कोनावर." बाई भाषांतरासाठी थांबली नाही. तिनं त्यांचा हात कपाळाला लावला.

वाटेत मावसाजींनी तिचा प्रश्न विचारून घेतला. "भेव तिलेही असंन," ते म्हणाले. "तरी मांडलं तिनं ताट."

पुढच्या पितृपक्षात त्यांनी घरी पाट मांडला आणि बसायला मला सांगितलं. वडे, कढी, खीर. जेवायची हौस होतीच, नाटकाचीही होती. मी मिश्या पुसत बसलो. कारलं मी एरवी तोंडात धरत नाही, त्या दिवशी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मावसाजींनी न मागताच वाढलं.

"पोट भरलं का?" त्यांनी विचारलं. "राग तं नाही ना?"

वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. अंगणातला कावळा ओरडायचा थांबला.

"नाही दादा," मी म्हणालो.

मी त्यांना जन्मभर मावसाजीच म्हणत आलो, त्याआधीही आणि नंतरही. त्यांनी मान वर केली नाही. आणखी एक वडा हळूच माझ्या ताटात ठेवला, आणि पोटात तिळाएवढी जागा नसतानाही मी तो खाल्ला.