आईने व्हिएतनाम पाहिला

विमानतळाच्या दाराशी आईने माझ्या बॅगेतून आकाशकंदील काढून घेतला होता. कपड्यांच्या मध्ये जपून ठेवलेला होता मी तो. "हा कशाला नेतेस? दिवाळीला तू इथेच असणार. दोन वर्षं काय, बघता बघता जातील," ती म्हणाली. बाबा ट्रॉलीची चाकं तपासत बसले. मी वाद घातला नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

त्याला आता तेरा वर्षं झाली. मस्कतमध्ये, अल् घुब्राच्या ह्याच फ्लॅटमध्ये माझी आणि मंदारची इरा रांगली. आता ती इथल्या इंडियन स्कूलला जाते आणि मराठी बोलताना अडखळली की सरळ इंग्रजीत शिरते. आई मात्र अजून फोनवर विचारते, "खोलीवर पोचलीस का?" जणू मी वसतिगृहात राहते. ती इथे एकदाही आलेली नाही. अडीच तासांचं विमान! तिकीट काढते म्हटलं की कधी तिचे गुडघे दुखतात, कधी कामवाली सुट्टीवर जाते. खरं कारण मला ठाऊक आहे. ती इथे आली, तर मी इथे राहते हे कबूल करावं लागेल. तुमच्यापैकी जे असेच दोन वर्षांसाठी निघाले होते, त्यांच्याही आया थोड्याफार अशाच असतील.

तर ह्या बाईने गेल्या महिन्यात व्हिएतनाम केला. टूरबरोबर, बाबांना घेऊन, त्याच गुडघ्यांवर.

आठवडाभर माझ्या फोनला उसंत नव्हती. ऑफिसात अर्बाब, म्हणजे आमचा मालक, समोर बसलेला, आणि स्क्रीनवर दोन प्रचंड दगडी हातांनी तोललेला सोनेरी पूल, त्याच्या मधोमध टोपी घातलेली आई. मग हालाँग बेची बोट. "पाण्यातून डोंगरच डोंगर वर आलेत गं. आयुष्यात एकदा तरी बघावं माणसाने." मी म्हटलं, आमच्याकडेही डोंगर आणि समुद्र एकाच रस्त्यावरून दिसतात. "ते असेल गं," म्हणाली आणि नाश्त्याला काय होतं ते सांगू लागली. युद्धातल्या भुयारात बाबा वाकून उतरले, तेव्हा ही वर उभी राहून ग्रुपला दशम्या वाटत होती. माझं डोकं फिरलं होतं. सगळ्या जगाला दशम्या, आणि लेकीच्या दारात पाऊल नाही.

शेवटी होई आनमधून व्हिडिओ कॉल आला. तिथे संध्याकाळ, इथे दुपार. रस्ताभर रेशमी कंदील लागलेले आणि आई एका दुकानात शिरून चक्क मराठीत घासाघीस करत होती. इरा माझ्या हातातून फोन ओढत म्हणाली, "आजी, तो यलोवाला दाखव ना."

आईने पिवळा कंदील उघडून, मिटून दाखवला. "छत्रीसारखा मिटतो बघ. बॅगेत मावेल." मग मला विचारलं, "तुमच्या गॅलरीत हूक आहे का?"

"नाही."

"तेरा वर्षांत एक हूक नाही? मग करता काय तुम्ही घरी?"

ह्या भिंतींत मी एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. कॅलेंडर फ्रिजला चिकटवलेलं, घड्याळ कपाटावर टेकवलेलं. निघायचंच आहे, मग कशाला? आईला हसत होते, पण मी तरी काय वेगळं केलं होतं? आणि ती 'घरी' म्हणाली होती, 'खोलीवर' नाही. फोन ठेवेपर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नाही.

"मंदारला सांग, दिवाळीच्या आत लावून ठेव. मी काही स्टुलावर चढणार नाही," ती म्हणाली आणि पुन्हा दुकानदाराकडे वळली.

शुक्रवारी मंदारने शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. घरमालक ओरडला तर, असं मी दोनदा म्हटलं. "इन्शाल्ला नाही ओरडणार," म्हणत त्याने छताला भोक पाडलं. सगळ्या गॅलरीभर पांढरा भुगा झाला आणि मी चिडचिड करत तो झाडून काढला.

व्हिएतनाममध्ये काय काय बघावं ते मला आता तोंडपाठ आहे. आमच्याकडे आईला दाखवायला सध्या एक हूक आहे.