शेरू वाचला, पण माझा जळफळाट काही थांबत नाही

मंडळी, दिवाळीसाठी माझ्या नणंदबाई बुटीबोरीहून आमच्याकडे नंदनवनला आल्या आहेत. आल्यापासून आमचा कुत्रा शेरू त्यांच्याच मागे फिरून राहिला, कारण ताई त्याला लपूनछपून फराळ देतात.

आज दुपारी त्यांनी त्याला करंजी दिली. मी ओरडलेच, "ताई, त्यात मनुके आहेत! कुत्र्याले ते विषासारखे असतात."

"एका करंजीनं काय होते वं वहिनी? सण आहे, त्याचंही तोंड गोड झालं."

मी शेरूच्या तोंडात हात घालून अर्धी करंजी बाहेर काढली. तो माझ्यावर गुरगुरला. माझ्यावर! ज्याला पिल्लू असताना मी बाटलीनं दूध पाजलं, तो.

अर्धी पोटात गेलीच होती, म्हणून आम्ही त्याला तसंच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उलटी करवली आणि म्हणाले, "लवकर आणलं, बरं झालं."

ताई रडायला लागल्या. "आता याले काहीच देत नाही वं," म्हणाल्या.

परतताना शेरू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मी बाजूला औषधांची पिशवी धरून बसले होते. तो वाचला याचा आनंद आहेच, पण खरं सांगते, मला ताईंचा फार हेवा वाटला.

तुमच्या घरी 'नको' म्हणणारं माणूस कधी कोणाचं लाडकं होतं का हो?